शॅम्पेन कलर म्हणजे नक्की कोणता? आणि त्याच्यासोबत काय घालायचं?

लग्नसराई तोंडावर आली की आपल्याकडे येणारे प्रश्न बदलतात. एरवी "कोणता फोन घेऊ", "कोणता कोर्स करू" असं विचारणारी पोरं आता विचारतायत, "भाऊ, रिसेप्शनला शॅम्पेन थीम ठरलीय, मी काय घालू?" आणि लगेच दुसरा मेसेज, "शॅम्पेन म्हणजे क्रीम ना?"

तर आजचा भाग त्याच्यावर. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, फॅशनवाला नाही. पण रंगाशी माझा रोज संबंध येतो, कारण स्क्रीनवरचा प्रत्येक रंग शेवटी आकडा असतो. आणि या रंगाच्या बाबतीत आकडा बघितला की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी नाव. शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा एक प्रदेश. तिथे जी फसफसणारी वाइन बनते तिलाच कायद्याने शॅम्पेन म्हणता येतं. आपल्या नाशिकला बनते ती स्पार्कलिंग वाइन. तिला लोक तोंडाने काहीही म्हणोत, बाटलीवर शॅम्पेन लिहिता येत नाही. येवल्याच्या पैठणीला जसा जीआय आहे, तसाच हा प्रकार. गंमत म्हणजे शॅम्पेनसाठी जी तीन मुख्य द्राक्षं वापरतात त्यातली दोन काळ्या सालीची असतात, पिनो न्वार आणि म्यूनिए. रंग सालीत असतो, रस जवळजवळ बिनरंगी. साल लगेच बाजूला केली की फिकट सोनेरी वाइन मिळते. त्या ग्लासातल्या रंगाचं नाव पुढे कापडाला लागलं. इंग्रजीत रंगाचं नाव म्हणून याची पहिली नोंद १९१५ ची सांगतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते नाव पहिल्यांदा फोनमुळे ऐकलं असेल. २०१३ ला आयफोन ५एस सोनेरी रंगात आला तेव्हा सगळे त्याला शॅम्पेन गोल्ड म्हणत होते. मग गाड्या आल्या, टाइल्स आल्या, आणि आता नवरदेवाची शेरवानी.

आता आकडा. इंटरनेटवर शॅम्पेनचा जो कोड सगळीकडे सापडतो तो आहे एफ-७-ई-७-सी-ई. म्हणजे लाल २४७, हिरवा २३१, निळा २०६. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. तिन्ही २५५ असते तर पांढराशुभ्र. इथे लाल जवळजवळ पूर्ण आहे, हिरवा थोडा कमी आणि निळा त्याहून कमी. म्हणजे एका वाक्यात सांगायचं तर शॅम्पेन म्हणजे असा पांढरा, ज्यातून थोडा निळा काढून घेतलाय. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच्यातूनच निघतं.

आपल्या तालुक्यातल्या लोकांना ही गोष्ट नवीन नाही खरं तर. कोपरगावात दोन सहकारी साखर कारखाने, घरटी एखादा तरी माणूस कारखान्यात. लॅबमध्ये कोणी असेल तर विचारा, साखरेचा रंग कसा मोजता. ते "इकुम्सा" म्हणतील. साखरेचं पाणी करतात, त्यातून ४२० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात आणि त्यातला किती गिळला गेला ते मोजतात. ४२० म्हणजे निळसर-जांभळा प्रकाश. निळा जितका जास्त गिळला जाईल तितकी साखर पिवळट, आणि आकडा मोठा. म्हणजे पिवळेपणा मोजायचा तर किती निळा गायब झाला ते बघायचं. शॅम्पेनचं गणित अगदी हेच आहे.

एक मिनिट थांबा हं, बाहेरून ट्रॅक्टर चाललाय. दोन ट्रॉल्या ऊस आणि फुल व्हॉल्यूम टेप. सीझन आहे, काय करणार. गेला.

तर आकडा तर मिळाला, पण एक गोम आहे. वेबसाइट बनवताना आपण रंगाचं नाव सरळ लिहू शकतो, रेड, ब्लू, टोमॅटो वगैरे. ब्राउझरला अशी जवळजवळ दीडशे नावं कळतात. त्यात शॅम्पेन नाहीच! आयव्हरी आहे, बेज आहे, व्हीट म्हणजे गहू आहे. शॅम्पेनचा कुठे ठरलेला मालक नाही, म्हणून प्रत्येक दुकानदाराचा शॅम्पेन वेगळा. एकाकडे तो गुलाबीकडे झुकतो, दुसऱ्याकडे थेट सोनेरी, तिसऱ्याकडे चक्क मातकट.

पण त्या यादीत एक नाव आहे, ब्लांच्ड आमंड. म्हणजे साल काढलेला बदाम. त्याचे आकडे २५५, २३५, २०५. शॅम्पेनशी लावून बघा, २४७, २३१, २०६. डोळ्याला फरक सहजासहजी कळणार नाही. म्हणजे आपली आजी ज्याला "बदामी" म्हणते, रात्री भिजवून सकाळी सोललेल्या बदामाचा रंग, तोच हा. मला हे फार आवडलं. आपल्याकडे रंगांची नावं कमी नाहीत हो. डाळिंबी, आमसुली, आबोली, मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, विटकरी. पैठणीत तर काळीला चंद्रकळा, पोपटीला राघू आणि पांढरीला शिरोदक म्हणायची पद्धत होती. सेल्समन शॅम्पेन म्हणाला म्हणून आपण बिचकायचं कारण नाही. बदामी म्हणा, पण साल काढलेला.

आणि आता खरी अडचण. बदामी आणि शॅम्पेन आकड्याने जवळजवळ एकच, मग दुकानात वेगळे का वाटतात? कारण कोडमध्ये चमक नसते. हाच रंग सुती कापडावर आला तर आपण त्याला बिस्किटी म्हणू. सॅटिनवर, रेशमावर, मेटॅलिक पेंटवर आला की शॅम्पेन. म्हणजे शॅम्पेन हा रंग अधिक झळाळी. रेशमात तर आणखी एक खेळ असतो, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. मग कापड हललं की रंग हलतो, धूपछाव म्हणतो तो प्रकार. उभा मोतिया आणि आडवा फिकट सोनेरी घेतला की जो शॅम्पेन दिसतो, तो कुठल्याच कोडमध्ये बसत नाही. म्हणून ऑनलाइन फोटो बघून शॅम्पेन मागवणाऱ्यांनी निदान कापड कोणतं आहे ते तरी वाचा. पॉलिस्टर सॅटिन असेल तर फोटोत तो चांदण्यासारखा दिसेल आणि हातात आल्यावर गिफ्ट रॅपर.

फोटोवरून आठवलं. माझ्या आतेबहिणीचं लग्न ठरलंय. सासरकडून रिसेप्शनच्या थीमचा एक स्क्रीनशॉट आला, "शॅम्पेन". ताईच्या मनात आधीपासून होतं की पैठणी घेईन तर फिक्या रंगाची. झालं, घरात दोन आक्षेप आले. आत्याचं म्हणणं, "अगं पांढरट नको, लग्नाचं कापड आहे." आणि एका काकूंनी जे बोलायचं नाही तेच बोललं, "सावळ्या रंगाला फिकं शोभत नाही बाई, हिला आपलं डाळिंबी घ्या." ताई गप्प बसली. पुढचे दोन दिवस ती "तुम्ही घ्याल ते" एवढंच म्हणत होती, आणि ज्यांना ताई माहिती आहे त्यांना कळेल की हे वाक्य किती वाईट आहे.

मला त्यात ओढलं कारण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं". मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो स्क्रीनशॉट तीन फोनवर शेजारी शेजारी ठेवला. एकावर क्रीम, एकावर पीच, एकावर जवळजवळ पांढरा. ज्या फोनवर पीच दिसत होता त्यावर नाईट मोड चालू होता. नाईट मोड काय करतो? स्क्रीनमधला निळा कमी करतो. म्हणजे आपलंच वाक्य, पांढऱ्यातून निळा काढला की शॅम्पेन! रात्री नाईट मोडवर पांढरी साडी बघाल तर ती शॅम्पेन वाटेल, आणि शॅम्पेन बघाल तर पीच. म्हणजे घरातली तीन माणसं तीन वेगळ्या साड्यांवर भांडत होती.

आता सावळेपणाचा मुद्दा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण हे फक्त आमच्या घरात होत नाही. रंग अंगावर कधी खुलतो? जेव्हा कापड आणि त्वचा यांच्या उजेडात फरक असतो. शॅम्पेन खूप उजळ रंग आहे. ज्यांची त्वचाही त्याच्या जवळपास उजळ आणि पिवळसर, त्यांच्यावर तो विरघळून जातो, फोटोत मान कुठे संपली आणि ब्लाउज कुठे सुरू झाला ते कळत नाही. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर तोच शॅम्पेन स्वच्छ दिसतो, सोनं घातल्यावर तर काय बोलायचं. म्हणजे काकूंचा नियम बरोबर उलटा आहे. तो रंग जुळवण्याचा नियमच नव्हे. "सावळीने लक्ष वेधून घेऊ नये" याला दिलेलं ते सभ्य नाव आहे. कोणी तुम्हाला असं म्हणालं तर वाद घालू नका, कापड घेऊन उन्हात जा.

आम्ही तेच केलं. येवला आपल्यापासून लांब नाही, नगर-मनमाड रस्त्याने, खड्ड्यांनी परवानगी दिली तर, पाऊण तास. आत्याला सोबत घेतलं, काकूंना नाही. विणकर काकांना ताईने मोबाईल दाखवायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "ताई, तो ठेवा पर्समध्ये. लडी बघा." रेशमाच्या रंगवलेल्या लडी असतात ना, त्यातल्या पाच-सहा फिक्या काढल्या आणि म्हणाले, "ओट्यावर चला, इथे ट्यूब आहे." बाहेर उन्हात एकेक लड ताईच्या खांद्यावर टाकली. मोतिया टाकली, चेहरा थोडा उतरला. लिंबूसर टाकली, नाही. मग ती बदामी-सोनेरी लड टाकली आणि आत्या काही बोललीच नाही. नुसती पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मला वाटतं निर्णय तिथेच झाला.

या निर्णयाला वजन का, तेही सांगतो. हातमागावरची पैठणी ऑर्डरची असेल तर ती बदलून मिळत नाही. त्यात आधी धागा रंगवतात आणि मग विणतात, कापड विणून रंगवत नाहीत. साधी असेल तर काही आठवडे, भरजरी पदर असेल तर कित्येक महिने. नक्षी प्रत्येक धागा हाताने अडकवून विणलेली असते, म्हणून खऱ्या पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. फिक्या रंगाचं आणखी एक दुखणं असतं. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो, धाग्याच्या वजनाच्या २० ते २५ टक्के. तो नीट निघाला नाही तर फिका रंग डागाळल्यासारखा बसतो. गडद रंगात ते खपून जातं, शॅम्पेनमध्ये खपत नाही. आणि दोन वेळा रंगवलेल्या लडी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून तुम्ही कधी फिकी साडी विणून घेतली तर ब्लाउजपीसचा धागा त्याच घाण्यात रंगवायला सांगा. नंतर "मॅचिंग करून देतो" यावर विश्वास नको.

बरं, आता जोडी. याच्यासोबत काय?

मराठीत दोन छान शब्द आहेत, रंग "उठतो" आणि रंग "खुलतो". उठतो म्हणजे लांबून दिसतो, खुलतो म्हणजे जवळून छान वाटतो. आणि तिसरा, रंग "मरतो". शॅम्पेन मरतो कुठे ते आधी सांगतो. पांढऱ्याशुभ्र रंगाशेजारी तो मरतो, मळका वाटतो, जणू पांढराच होता पण धुवायचा राहिला. नवरदेवाची शेरवानी शॅम्पेन आणि खाली सलवार पांढरीफेक, हा प्रकार फार बघतो मी. खाली पण शॅम्पेन किंवा त्याहून गडदच घ्या. हळदी पिवळ्याशेजारीही मरतो, पिवळा त्याला खातो.

उठतो कुठे? रंगचक्रावर याच्या बरोबर समोर निळा येतो. शॅम्पेनचा कोन साधारण ३७ अंश, त्यात १८० मिळवा, २१७, तो निळा. साहजिक आहे, ज्यातून निळा काढलाय त्याच्याशेजारी निळाच ठेवला की दोघंही जोरात बोलतात. नेव्ही ब्लू ब्लेझर आणि शॅम्पेन शर्ट, डोळे मिटून करा. साडीत चिंतामणी किंवा नेव्ही काठ.

इथे एक गंमत बघा. आई पिवळट पडलेल्या पांढऱ्या कपड्यांना नीळ का घालते? पिवळ्यात निळा मिसळला की पिवळेपणा कटतो. मिसळला तर कटतो, शेजारी ठेवला तर वाढतो. तेच दोन रंग, दोन उलट परिणाम. म्हणून शॅम्पेन कपड्याला चुकूनही नीळ लावू नका, आणि "पांढरं अधिक पांढरं" करणारी पावडरसुद्धा नको, त्यातही निळसर चमक देणारं केमिकल असतं. दहा धुण्यांत शॅम्पेनचा पांढरा होईल.

पण लग्नात मी निळ्यापेक्षा हिरव्याला मत देईन, आणि याचं कारण चक्रात नाही, नवरीच्या हातात आहे. हिरवा चुडा. मराठी नवरीने कुठलाही रंग घालू दे, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी, डोक्याला मोत्याच्या मुंडावळ्या हे ठरलेलंच आहे. इन्स्टाग्रामवरच्या विदेशी चार्टमध्ये शॅम्पेनसोबत ब्लश पिंक आणि सेज ग्रीन सांगतात, कारण त्यांच्या नवरीच्या हातात चुडा नसतो. आपल्याकडे तो आधीच बसलाय. मग बॉटल ग्रीन काठ किंवा ब्लाउज घेतला की चुडा वेगळा पडत नाही, सगळं एक होतं. मुंडावळ्यांचे मोतीही शॅम्पेनच्याच घरातले. फिकी साडी असूनही पांढरट वाटत नाही, म्हणजे आत्याचा आक्षेप पण मिटला. ताईची तशीच ठरली, अंग शॅम्पेन, काठ बॉटल ग्रीन, पदरावर पोपट.

डाळिंबी आणि वाइन हे दुसरे भरवशाचे. मुलांसाठी मी म्हणेन शॅम्पेन कुर्ता आणि डाळिंबी फेटा. उलटं, म्हणजे शॅम्पेन फेटा, तेही चालतं, पण फेट्याला घामाचे डाग दिसतात, मे महिन्यात विचार करा. आबोली, रोझ गोल्ड हे खुलणारे, दुपारच्या कार्यक्रमाला छान. काळा उठतो पण जरा कोरडा. राखाडीतला गरम छटेचा चालेल, निळसर राखाडी घेतला तर दोन्ही आजारी दिसतात.

सोनेरीचं मात्र नीट ऐका, कारण सगळे इथेच चुकतात. सोनेरी आणि शॅम्पेन एकाच कुटुंबातले. दागिन्यात भारी, कारण सोनं चमकतं. पण छापील सोनेरी अजिबात नाही. स्क्रीनवर अक्षर वाचता येतं की नाही याचं एक माप आहे, कॉन्ट्रास्ट रेशो. वेबच्या सुलभतेच्या नियमात साध्या मजकुराला तो किमान ४.५ लागतो. शॅम्पेनवर पांढरी अक्षरं, १.२. शॅम्पेनवर सोनेरी अक्षरं, १.७ च्या आसपास. मरून घेतलं तर ९, नेव्ही घेतला तर १३. आता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका आठवा. शॅम्पेन बॅकग्राउंड, त्यावर सोनेरी वेलबुट्टीदार अक्षर, आणि मुहूर्त किती वाजताचा ते वाचायला आजोबा चष्मा पुसतायत. पोरांनो, पत्रिका बनवणाऱ्याला सांगा, अक्षर मरून कर.

शेवटी हॉल. उजळ कापड म्हणजे पडदा, त्याच्यावर जो उजेड पडेल तो रंग. डाळिंबी साडीवर डीजेचा निळा लाइट पडला तरी ती गडदच राहते, शॅम्पेनवर पडला की ती सरळ निळी. तुमची थीम शॅम्पेन असेल आणि डेकोरेशनवाल्याने स्टेजला जांभळे-निळे लाइट लावले तर हजारो रुपयांचं कापड फोटोत ओळखू येणार नाही. त्याला आधीच सांगा, स्टेजवर गरम पिवळसर पांढरा, रंगीत लाइट फक्त मागच्या भिंतीवर. फोटोग्राफरलाही व्हाइट बॅलन्स लॉक करायला सांगा. नाहीतर कॅमेरा स्वतःच ठरवतो की "हे पिवळट आहे, मी दुरुस्त करतो", आणि शॅम्पेनचा पांढरा करून ठेवतो.

ताईची साडी सध्या मागावर आहे. विणकर काका अधूनमधून फोटो पाठवतात. काल रात्री आत्याचा फोन, आवाज चढलेला, "अरे, साडी पांढरीफटक दिसतीये! तुझ्या भरवशावर पैसे दिलेत." मी फोटो उघडला, वेळ बघितली, रात्री ८ ची, वर ट्यूब. काकांना मेसेज टाकला, सकाळी ओट्यावर काढून एक पाठवा. आज सकाळी ९ वाजता आला. मी काही न लिहिता तो आत्याला पुढे पाठवला. तिने पण काही लिहिलं नाही, ताईच्या ग्रुपवर टाकला फक्त. काकू पण आहेत त्या ग्रुपवर.

चला, आज इतकंच. तुमच्या कपड्याचे फोटो पाठवणार असाल तर उन्हात काढून पाठवा, आणि नाईट मोड बंद करून. भेटू पुढच्या भागात.